सात फूट उंचीवर: 26 एप्रिल 1993, चिकलठाणा

26 एप्रिल 1993 च्या दुपारी इंडियन एअरलाइन्सचं आयसी 491 हे विमान औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालं आणि काही क्षणांतच कोसळलं. विमानात 118 माणसं होती. त्यांतली 55 गेली. मराठवाड्यात हा अपघात बहुतेकदा एकाच वाक्यात सांगितला जातो: विमान ट्रकला धडकलं. हे खरं आहे, पण त्या वाक्यातून ट्रक तिथे का होता आणि विमान इतक्या खाली का होतं, हे दोन्ही प्रश्न निसटतात. ते दोन्ही एकत्र विचारल्याशिवाय त्या 55 जणांना न्याय मिळत नाही. म्हणून हा घटनाक्रम.

36 तास आधी: अमृतसर

25 एप्रिल, रात्री 1 च्या सुमारास. दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एक बोइंग 737 आदल्या दिवसापासून ओलीस आहे. ते आता अमृतसरला उतरलेलं आहे. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो विमानात घुसतात आणि काही मिनिटांत सगळं संपतं. सर्व ओलीस सुखरूप बाहेर येतात. देश सुटकेचा श्वास टाकतो.

त्या दिवसांत विमानप्रवासाच्या सुरक्षेची चर्चा म्हणजे पिस्तूल, बॉम्ब आणि अपहरण. मुंबईतल्या 12 मार्चच्या बॉम्बस्फोटांना अजून दोन महिनेही झालेले नाहीत. धावपट्टीच्या टोकापलीकडून मालाचा ट्रक जातो, हा धोका अशा चर्चेत सहसा येत नाही.

26 एप्रिल, सकाळ: दिल्ली, जयपूर, उदयपूर

आयसी 491 चा मार्ग लांबलचक आहे: दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई. पर्यटकांच्या दृष्टीने हा मोठा सोयीचा मार्ग. राजस्थानातले किल्ले आणि राजवाडे पाहून झाले की हेच विमान अजिंठा-वेरूळच्या दाराशी आणून सोडतं. दोन्ही लेणी 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि औरंगाबादचा विमानतळ हे त्यांचं हवाई प्रवेशद्वार आहे.

विमान आहे बोइंग 737-200, नोंदणी व्हीटी-ईसीक्यू. 1974 साली बांधलेलं, दोन जेट इंजिनांचं. देशांतर्गत मार्गांवर रोज अनेकदा चढणारं-उतरणारं हे कामाचं विमान. प्रत्येक थांब्यावर काही प्रवासी उतरतात, काही चढतात. मुंबईच्या शेवटच्या टप्प्यासाठी विमानात 112 प्रवासी आणि 6 कर्मचारी असणार आहेत.

दुपार: तापलेली हवा

एप्रिलअखेरची मराठवाड्यातली दुपार विमानालाही जड जाते. चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंच आहे. उंचीवर हवा मुळातच विरळ असते, आणि उन्हाने ती आणखी विरळ होते. पारा 40 अंशांवर असेल, तर इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी विरळ भरते. म्हणजे धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला आपण जणू 5,000 फुटांवर उभे आहोत असाच अनुभव येतो.

याचे परिणाम दोन. इंजिनांना कमी हवा मिळते, म्हणून त्यांचा जोर घटतो. आणि पंखांना तेवढीच उचल मिळवण्यासाठी जमिनीवर जास्त वेगाने धावावं लागतं. जोर कमी, गरज जास्त, त्यामुळे धाव लांबते. हे सगळं वैमानिकांच्या तक्त्यांमध्ये मांडलेलं असतं. धावपट्टीची लांबी, तापमान, वारा, वजन यांवरून उड्डाणापूर्वीच हिशेब होतो. म्हणून उष्णतेवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. पण थंडीतल्या पहाटे एखादी उशिराची हालचाल खपून जाते, ती अशा दुपारी खपत नाही. हाताशी राखलेलं अंतर उन्हाने आधीच कमी केलेलं असतं.

1 वाजून गेल्यावर: बीड रस्ता

धावपट्टी पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. विमान '09' या दिशेने, म्हणजे शहराकडे पाठ करून पूर्वेला उडणार आहे. धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकापलीकडे बीड रस्ता आडवा जातो.

या रस्त्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे एक ट्रक येतो आहे. त्यात रुईच्या दाबलेल्या गाठी आहेत. हा माल मराठवाड्याच्या ओळखीचा. शेतातून आलेला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये दाबली जाते आणि गाठ बांधली जाते. एका गाठीचं वजन साधारण 170 किलो. एकाधिकार कापूस खरेदी योजनेच्या त्या काळात गाठींनी भरलेले ट्रक या भागातल्या रस्त्यांवर रोजचेच.

ट्रक चालवणारा माणूस आपल्या वाटेने चालला आहे. रस्ता मोकळा आहे. आगगाडी येते तेव्हा फाटक पडतं, फाटकवाला दिवा दाखवतो, बैलगाडीपासून बसपर्यंत सगळे थांबतात. इथे विमान जमिनीपासून काही फुटांवरून रस्ता ओलांडणार आहे, आणि रस्त्यावरच्या माणसाला थांबवणारं कुणी नाही.

1 वाजून 6 मिनिटांच्या सुमारास: धाव

ब्रेक सुटतात. अशा धावेला साधारण अर्धं मिनिट लागतं आणि त्या अर्ध्या मिनिटात वैमानिकांपुढे ठरवून ठेवलेले वेग एकामागून एक येतात. पहिला वेग निर्णयाचा: तो ओलांडला की थांबायला धावपट्टी उरत नाही, उडावंच लागतं. दुसरा नाक उचलण्याचा: तो आला की दुसरा वैमानिक तसं पुकारतो आणि विमान चालवणारा नियंत्रणदांडा मागे ओढतो.

प्रवासी विमानाच्या वैमानिकाला वेगाचा उच्चांक गाठायचा नसतो. त्याला एकच वेग नेमका ओळखायचा असतो, आणि तो दिसताच हात हलवायचा असतो.

कारण तेव्हा विमान ताशी 250 किलोमीटरच्या आसपास धावत असतं. म्हणजे दर सेकंदाला जवळपास 70 मीटर. नाक उचलायला एक सेकंद उशीर झाला की 70 मीटर धावपट्टी गेली. तीन सेकंद गेले की 200 मीटरहून जास्त.

धावपट्टीचं टोक

नाक कधी उचललं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कसं उचललं हेही. जेट विमानाचं नाक सेकंदाला साधारण तीन अंश या गतीने, न थांबता वर यावं लागतं. घाईने खेचलं तर शेपूट जमिनीला घासते. रेंगाळत उचललं तर चाकं जमिनीवरच धावत राहतात, आणि सुटली तरी विमान वर चढण्याऐवजी पुढेच सरकत राहतं.

आयसी 491 चं नाक उशिरा उचललं गेलं, आणि उचलण्याची पद्धतही चुकली. विमानाने जमीन सोडली ती जवळजवळ धावपट्टी संपता संपता. उड्डाणासाठी लागणारं अंतर ठरवताना अशा विमानाने त्या अंतराच्या शेवटी निदान 35 फूट उंची गाठलेली असावी, असं धरलं जातं. बीड रस्त्यावर पोचलं तेव्हा आयसी 491 त्या उंचीच्या जवळपासही नव्हतं.

सात फूट

डावीकडचं मुख्य चाक, डाव्या इंजिनाचं खालचं आवरण आणि थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा वळवणारा भाग) ट्रकच्या डाव्या बाजूवर आदळले. धडक झाली ती रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर.

सात फूट म्हणजे भरलेल्या मालट्रकच्या उंचीहूनही कमी. रस्ता त्या क्षणी रिकामा असता, तर त्या उंचीवरून विमान निघून गेलं असतं. ते चुकीचंच उड्डाण ठरलं असतं, त्याचीही चौकशी झाली असती, पण प्रवासी मुंबईला उतरले असते. आणि विमान वेळेत उचललं गेलं असतं, तर खालून ट्रक गेला काय नि न गेला काय, कुणाला त्याचा पत्ताही लागला नसता. प्राण गेले ते दोन्ही चुका एकाच क्षणी एकाच जागी आल्या म्हणून.

पुढचे तीन किलोमीटर

जखमी विमान लगेच पडलं नाही. ते ईशान्येकडे वळत पुढे गेलं. धावपट्टीपासून जवळपास तीन किलोमीटरवर उच्चदाबाच्या विजेच्या तारा होत्या. विमान त्यांत अडकलं आणि जमिनीवर आदळलं.

118 पैकी 63 जण वाचले. 55 जण गेले. त्यांत प्रवासी होते आणि केबिनमधले कर्मचारीही. तासाभरात मुंबईला पोचायच्या हिशेबाने निघालेली ही माणसं. कुणी फिरायला आलेलं, कुणी कामावरून परतणारं, कुणी घरी जाणारं.

त्यानंतर: दोन कारणं, एक आठवण

चौकशीने संभाव्य कारणं नोंदवली ती दोन. पहिलं, वैमानिकांची चूक: नाक उशिरा उचललं आणि उचलण्याची पद्धत चुकीची होती. दुसरं, राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित केली नाही. कारणांच्या या यादीत ट्रक चालवणारा माणूस नाही, आणि ते योग्यच आहे. मोकळ्या रस्त्याने जाणं हा गुन्हा नव्हे.

लोकांच्या आठवणीत मात्र पहिलं कारण राहिलं आणि दुसरं विरून गेलं. वैमानिकाला चेहरा असतो, म्हणून बोट दाखवायला तो सापडतो. वाहतूक न रोखणारं कार्यालय कुणाला दिसत नाही. 1995 मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण एकत्र करून आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं, पाटीवरचं नावही बदललं. पण जबाबदारी अशी नावाबरोबर विसर्जित होत नाही.

मला या दोन कारणांकडे पाहताना एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. माणसाच्या हातून एखाद्या सेकंदाचा उशीर होणारच, हे धरूनच सुरक्षेची व्यवस्था उभी करायची असते. हिशेबात 35 फूट धरायचे ते त्यासाठी, धावपट्टीपुढे मोकळी जमीन ठेवायची तीही त्यासाठी. बीड रस्त्यावर उड्डाणापुरती दोन मिनिटं वाहनं थांबवणं हाही याच साखळीतला एक दुवा होता, आणि सगळ्यांत स्वस्त. त्याला ना नवं तंत्रज्ञान लागत होतं ना मोठा निधी. एक माणूस, एक अडथळा आणि टॉवरकडून मिळणारी सूचना, एवढं पुरेसं होतं.

आज चिकलठाण्याच्या विस्ताराची मागणी होते तेव्हा चर्चा असते ती धावपट्टीच्या लांबीची, मोठ्या विमानांची, नव्या मार्गांची. शहराची उद्योगनगरी म्हणून वाढ पाहता ती रास्त आहे. पण त्या प्रत्येक आराखड्यात कुंपणापलीकडची जमीनही आली पाहिजे: कोणता रस्ता उड्डाणाच्या रेषेत येतो, तिथे किती उंचीचं वाहन जाऊ शकतं, विजेच्या तारा कुठून जातात, आणि या प्रत्येक गोष्टीसाठी नेमकं कोण उत्तरदायी आहे. हे प्रश्न लोकप्रतिनिधींनी आणि नागरिकांनी जाहीरपणे, लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावं. पुढच्या वेळी एखाद्या वैमानिकाचा हात एक सेकंद उशिरा हलला, तर वाया गेलेले ते 70 मीटर कुठून तरी भरून निघायला हवेत. ती तजवीज उड्डाणाच्या अर्ध्या मिनिटात करता येत नाही. ती आधीच, जमिनीवर, करून ठेवावी लागते.