अर्भकांची चेहराओळख आणि वंश

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळाची चेहरे ओळखण्याची क्षमता नेहमी दिसणाऱ्या चेहऱ्यांपुरती आक्रसत जाते, ती प्रक्रिया. ‘वंश’ म्हणजे येथे चेहऱ्याची ठेवण व वर्ण यांवरून दिसणारा गट, एवढेच अभिप्रेत आहे.

बोलता न येणाऱ्या बाळाला काय कळते, हे त्याच्या नजरेवरून ताडतात. त्याला आईच्या मांडीवर बसवून पडद्यावर एकच चेहरा, ते कंटाळून नजर वळवू लागेपर्यंत दाखवतात. मग तोच चेहरा आणि एक नवा चेहरा शेजारी शेजारी येतात. नव्याकडे ते जास्त वेळ टक लावून पाहत राहिले, तर जुना त्याच्या ओळखीचा झाला असे समजतात.

डेव्हिड केली व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात नवजात बालकांचा कल कोणत्याच वंशाच्या चेहऱ्यांकडे दिसला नाही. तीन महिन्यांची गोरी ब्रिटिश बाळे मात्र गोऱ्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत होती. त्यांच्या २००७ मधील प्रयोगात तीन महिन्यांच्या गोऱ्या बाळांनी आफ्रिकी, मध्यपूर्वेतील, चिनी आणि गोऱ्या अशा चारही गटांतले चेहरे वेगवेगळे ओळखले. सहा महिन्यांच्या बाळांना चिनी व गोरे, तर नऊ महिन्यांच्यांना केवळ गोरे चेहरे वेगळे ओळखता आले.

हा बदल म्हणजे वर्णद्वेषाची सुरुवात, असे म्हणणे बाळांवर अन्याय करणारे आहे. ज्यांच्या हातांत बाळ वाढते त्यांचेच बारकावे टिपायला ते शिकते. यायर बार-हाइम व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तीन महिन्यांच्या बाळांची तुलना केली. इस्रायलमधील गोऱ्या आणि इथिओपियातील कृष्णवर्णीय बाळांचा कल आपापल्या वंशाकडे होता. पण इस्रायलमधील स्थलांतरितांच्या केंद्रांत दोन्ही वंशांची माणसे पाहणाऱ्या इथिओपियन कुटुंबांतील बाळांचा कल कुठेच नव्हता. आईऐवजी प्रामुख्याने वडिलांनी सांभाळलेली बाळे पुरुषांच्या चेहऱ्यांकडे अधिक पाहतात, हे पॉल क्विन यांचे २००२ मधील निरीक्षणही याच कारणाकडे बोट दाखवते.

असेच आकुंचन भाषेतही घडते. जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांना १९८४ मध्ये आढळले, की इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या कॅनेडियन बाळांना हिंदीतील (आणि मराठीतीलही) ‘त’ व ‘ट’ यांतला फरक कळतो. वर्षाच्या सुमारास तो बहुतांशी कळेनासा होतो.

चेहरे ओळखण्याची ही क्षमता राखताही येते. गोऱ्या बाळांना सहाव्या ते नवव्या महिन्यांत चिनी चेहऱ्यांची चित्रपुस्तके दाखवल्यावर ती ते चेहरे पुढेही ओळखत राहिली. येथे नावाला महत्त्व असावे: लिसा स्कॉट यांच्या २००९ मधील प्रयोगात माकडांच्या चित्रांना एकेकाचे वेगळे नाव देऊन ती दाखवली, तेव्हाच बाळांची ओळख टिकली, सर्वांना नुसते ‘माकड’ म्हटल्यावर टिकली नाही.

अर्भकावस्थेनंतरही दार बंद होत नाही. तीन ते नऊ वर्षांच्या वयात युरोपीय कुटुंबांत दत्तक गेलेल्या कोरियन व्यक्तींना प्रौढपणी आशियाई चेहऱ्यांपेक्षा गोरे चेहरे अधिक अचूक ओळखता येत होते, असे २००५ मधील एका फ्रेंच अभ्यासात दिसले.