लडाखची झाडे कुणाच्या पाण्यावर उभी आहेत?

लेहच्या जुन्या वस्तीत कालव्याकाठच्या विलोच्या खोडांना पुष्कळदा गंजलेल्या पत्र्याच्या डब्यांचे चिलखत घातलेले दिसते. तळ कापलेले डबे एकावर एक रचून त्यातून कोवळी फांदी वर काढलेली असते. शेळ्या आणि गाढवांनी साल सोलून खाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे झाड मोठे होते आणि डबा खोडालाच अडकून राहतो. पर्यटकांना ही गंमत वाटते. वास्तविक लडाखमध्ये कोणतेही झाड सहजासहजी उगवत नाही, प्रत्येकामागे कुणाची तरी राखण असते, याचा तो पुरावा आहे.

लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे. हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम 100 मिलिमीटर पाणी पडते, म्हणजे एका चौरस मीटरवर 100 लिटर. भरदार विलो उन्हाळ्यातील एकेका दिवसात पानांवाटे काही दशक लिटर पाणी हवेत सोडतो. हिशेब कुठेच जुळत नाही. हिवाळ्यात तर अवर्षणाचे आणखी एक रूप पुढे येते. ऊन प्रखर, हवा कोरडी आणि जमीन गोठलेली. पाणी मुळांशी असूनही झाडाला ते उचलता येत नाही.

तरीही विलो आणि पॉप्लर हीच लडाखच्या खेड्यांची ओळख आहे. हिवाळा ती पाने टाकून निभावून नेतात. उन्हाळ्यात मात्र ती अवर्षणाला तोंड देणारी झाडे नव्हेतच. महाराष्ट्रात ओढ्यांच्या काठी वाढणारे वाळुंज हे विलोचेच भाऊबंद. ओल्या पायांची ही जात वाळवंटात उभी राहिली ती माणसांनी आणलेल्या पाण्यावर. हिमनद्यांचे वितळलेले पाणी ‘युरा’ नावाच्या कालव्यांतून खाली येते, रात्री ‘झिंग’ म्हटल्या जाणाऱ्या तळ्यात साठते आणि ‘चुरपोन’ या गावाने नेमलेल्या पाटकऱ्याच्या देखरेखीखाली पाळीपाळीने शेतांना मिळते. पाळीत सहसा जवाचा मान पहिला. झाडे बांधांवर आणि कालव्यांच्या काठी लावली जात, ती झिरपणाऱ्या पाण्यावर पोसली जावीत म्हणून. घराच्या छताला पॉप्लरची तुळई, तिच्यावर विलोच्या काटक्यांचा थर आणि वर माती, असे हे शतकानुशतकांचे गणित होते.

खऱ्या अर्थाने तहान सोसणारे झाड म्हणजे जुनिपर, स्थानिक भाषेत ‘शुक्पा’. त्याच्या लाकडातील जलवाहिन्या इतक्या अरुंद असतात की पाण्याचा स्तंभ प्रचंड ताणाखालीही सहसा तुटत नाही. किंमत एकच, वाढ अतिशय मंद. बीही रुजले तर रुजते. त्यामुळे जुनिपर लावला गेला नाही; तो जपला गेला किंवा तोडला गेला. हेमिस शुक्पाचन या गावाचे नावच त्याच्यावरून पडले आहे. तेथील राई उरली ती पवित्र मानली गेल्यामुळे. वनशास्त्राच्या खात्यावर तिचे श्रेय मांडता येणार नाही.

पाण्याइतकाच खताचा प्रश्न बिकट होता. जमीन वाळूमिश्रित, थंडीमुळे पालापाचोळा कुजण्याचा वेग नगण्य, आणि शेण तर चुलीत जाणार. त्यावरचा उपाय प्रत्येक घरात होता: दोन मजली कोरडे शौचघर. वरच्या मजल्यावर माती आणि राख टाकायची. खाली जमलेले खत वसंतात शेतावर न्यायचे. ‘सेंद्रिय’ हा शब्द तेथे पोहोचण्यापूर्वीची ही सेंद्रिय शेती. सेंद्रिय कर्ब वाळूत ओलही धरून ठेवतो, त्यामुळे खत वाचवणे हे पाणी वाचवणेही होते.

1962 च्या युद्धानंतर सैन्य वाढले, रस्ते झाले. त्याच वर्षी लेह येथे संरक्षण संशोधनाची क्षेत्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. भाजीपाला जागच्या जागी पिकवता यावा, ही तिची निकड होती. 1974 मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुले झाले आणि अतिथिगृहांबरोबर पाण्याचे शौचालय आले. पाणी जास्त लागू लागले आणि खत नाहीसे झाले, एकाच नळाने दोन्ही. शेतात युरियाची पोती आली. आज लडाख पुन्हा सेंद्रिय करण्याची भाषा होते, तेव्हा हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

या सर्व काळात एक झुडूप मात्र कुंपणावरच राहिले. सी-बकथॉर्न नदीकाठच्या रेतीत आपोआप माजते. त्याच्या काटेरी फांद्या शेताच्या भिंतींवर पसरायच्या, एवढाच त्याचा मान. त्याच्या मुळांवरील गाठींत फ्रँकिया नावाचे जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, म्हणजे हे झुडूप स्वतःचे खत स्वतः तयार करते. मुळांपासून फुटणारे धुमारे सरकती वाळूही धरून ठेवतात. 2001 मध्ये त्याच प्रयोगशाळेच्या संशोधनातून त्याच्या फळांचे ‘लेह बेरी’ हे पेय बाजारात आले, तेव्हा कुंपणाला भाव आला. शास्त्रज्ञांनीही त्याच्याकडे पाहायला चार दशके घेतली, हे नोंदवून ठेवायला हवे.

दरम्यान पाणी आटत होते. हिमनद्या उंच आहेत, त्यांचे पाणी जूनमध्ये भरपूर येते. बियाण्याला आणि रोपांना ते एप्रिल-मे मध्ये हवे असते. अभियंता चेवांग नोर्फेल यांनी 1980 च्या दशकात हिवाळ्यातील वाया जाणारे पाणी कमी उंचीवरील सावलीत अडवून गोठवायला सुरुवात केली, जेणेकरून ते आधी वितळावे. सोनम वांगचुक यांच्या ‘आइस स्तूपा’ने 2013-14 पासून तेच तत्त्व शंकूच्या आकारात आणले. त्याच आकारमानाच्या पसरट थरापेक्षा शंकूचा पृष्ठभाग कमी, म्हणून उन्हाने वितळणेही सावकाश. फ्यांग येथे या पाण्यावर विलो-पॉप्लरची सुमारे 5000 रोपे जगवण्याचा प्रयत्न झाला.

2010 मध्ये लडाखमध्ये तासाभराच्या आत 50,000 हून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम नोंदवला गेला. 2012 मध्ये जवळजवळ 1 लाख. स्वयंसेवकांच्या श्रद्धेबद्दल शंका नाही. मात्र विक्रमाची मोजणी लावणीच्या तासाला होते आणि विलोची मोजणी तिसऱ्या-चौथ्या मे महिन्यात, जेव्हा चुरपोन जवाच्या शेताकडे पाणी वळवतो आणि रोपांच्या पाळीला काय उरते ते कालव्याच्या टोकाशी उभे राहूनच कळते.