ब्रेक्झिटची कोंडी आणि संरक्षणाचा प्रश्न

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी आयर्लंडची एक हकीकत सांगितली होती. आयर्लंडची फाळणी टळावी म्हणून बोलणी चालू होती. आयरिश राष्ट्रवाद्यांचे नेते रेडमंड यांनी अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांचे पुढारी कार्सन यांना विनविले, की प्रॉटेस्टंट अल्पसंख्याकांसाठी हवी ती संरक्षणे मागून घ्या, पण आयर्लंड एकसंध राहू द्या. कार्सनचे उत्तर असे होते, की खड्ड्यात गेली तुमची संरक्षणे, आम्हाला तुमचे राज्यच नको. बाबासाहेबांनी पुढे बजावले, की भारतातल्या एकाही अल्पसंख्य समाजाने ही भूमिका घेतलेली नाही. त्यांनी बहुसंख्याकांचे राज्य निमूट पत्करले आहे. आणि हे बहुमत मुळात राजकीय बहुमत नव्हे, तर जातीय बहुमत आहे.

ही हकीकत आज काढण्याचे कारण असे, की बरोबर सत्तर वर्षांनी, २०१८-१९ साली, त्याच अल्स्टरच्या प्रश्नावर ब्रिटिश पार्लमेंट पुरते अडकून पडले. 'ब्रेक्झिट' या नावाने ते प्रकरण आपल्या वर्तमानपत्रांतून आले ते करमणूक म्हणून. 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडणारे सभापती, रोज राजीनामे देणारे मंत्री, विस्कटलेल्या केसांचे बोरिस जॉन्सन. साहेबाच्या घरचे भांडण, आपल्याला काय त्याचे, असे आपल्यातील पुष्कळ कार्यकर्त्यांनाही वाटले. परंतु ज्या संसदीय पद्धतीचा सांगाडा आपण तिथून घेतला, ती पद्धत स्वतःच्या घरी कशी अडली, आणि अडली ती नेमकी एका संरक्षणावर कशी अडली, हे आपण पाहिले नाही तर कोणी पाहायचे?

मुळापासून सुरुवात करू. २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, एवढाच प्रश्न होता. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने आणि १ कोटी ६१ लाख लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिले. म्हणजे शंभरात ५२ विरुद्ध ४८. बाहेर पडून जायचे कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हते. अशा प्रश्नाला किती बहुमत हवे, याचीही अट नव्हती. वास्तविक अट घालणे या देशाला ठाऊक नव्हते असे नाही. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी काय यावर मत घेतले, तेव्हा एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'होय' म्हटले पाहिजे अशी अट पार्लमेंटने घातली होती. मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी होकार दिला, तरी अट पुरी झाली नाही म्हणून स्कॉटलंडला हात हलवत परत पाठवले. स्कॉटलंडने मागितले तेव्हा अट, इंग्लंडला हवे तेव्हा अट नाही. २०१६ साली स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्के मतांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला होता. तो मोजणीत विरघळून गेला.

राजकीय बहुमत हे घडते आणि मोडते. आज हरलेला उद्या जिंकू शकतो, या भरवशावरच तो हार मानतो. जातीय बहुमत मात्र जन्माने ठरते. ते कधी मोडत नाही. २०१६ नंतर इंग्लंडमध्ये घडले ते असे, की एका दिवसाच्या राजकीय बहुमताला जातीय बहुमताचे कायमपण देण्यात आले. त्याला 'जनतेची इच्छा' म्हणू लागले. पार्लमेंटला विचारल्याशिवाय सरकारला बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही, असा निर्णय न्यायमूर्तींनी दिला, तर एका खपाच्या वृत्तपत्राने त्यांना पहिल्या पानावर जनतेचे शत्रू ठरवले. तो खटला लढणाऱ्या जीना मिलर या गयानात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, यात आपल्या वाचकाला नवल वाटू नये.

आता अल्स्टरकडे वळू, कारण गाठ तिथे होती. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि सहा परगण्यांचे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहिले. कार्सनच्या लोकांनी संरक्षणे धुडकावली आणि स्वतःचे राज्य मिळवले. त्या राज्यात मग कॅथलिक अल्पसंख्य झाले, आणि त्यांना कोणती संरक्षणे मिळाली? नगरपालिकांच्या निवडणुकीत ज्याच्या नावावर घर त्याला आणि त्याच्या जोडीदाराला मत, तर धंदेवाल्यांना जादा मते. डेरी शहरात कॅथलिकांची वस्ती जास्त; पण वॉर्ड असे आखले, की सत्ता कायम प्रॉटेस्टंट युनियनिस्टांकडे. घर नाही तर मत नाही, आणि घर वाटणार नगरपालिका! १९६८ च्या जून महिन्यात टायरोन परगण्यातल्या कॅलेडन या खेड्यात मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबे घरासाठी ताटकळत असताना एका एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रॉटेस्टंट मुलीला सरकारी घर देण्यात आले. ऑस्टिन करी या आमदाराने ते घर ताब्यात घेऊन आत ठाण मांडले. तिथून नागरी हक्कांची चळवळ पेटली. गावकुसाबाहेरच्या घराचे राजकारण काय असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत निःशस्त्र मोर्चावर ब्रिटिश सैन्याने गोळीबार केला. त्या दिवशी तेरा माणसे मेली. इकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच वर्षी.

तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसे मेल्यावर १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टचा करार झाला. दोन्ही समाजांनी मिळूनच सत्ता चालवायची, मोठ्या प्रश्नांवर दोघांचीही संमती घ्यायची. सुमारे ५०० किलोमीटरच्या सरहद्दीवरचे लष्करी मनोरे उतरले. दोन्ही बाजू युरोपीय संघात असल्यामुळे जकात नाकेही उरले नव्हते. माणूस शेत या देशात आणि घर त्या देशात ठेवून सुखाने जगू लागला.

ब्रिटन बाहेर पडले, की तीच रेघ युरोपीय संघाची सरहद्द होणार. मग नाके आले, नाक्यांबरोबर पहारे आले. हे टाळण्यासाठी थेरेसा मे यांच्या सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये केलेल्या ५८५ पानी करारात एक तरतूद होती. तिला 'बॅकस्टॉप' म्हणत. दुसरी काही व्यवस्था सापडेपर्यंत सारे ब्रिटन युरोपच्या जकात व्यवस्थेत राहील, उत्तर आयर्लंड मालाचे काही नियमही युरोपचेच पाळील, आणि यातून कोणाही एका बाजूला आपल्या मर्जीने निघता येणार नाही. संरक्षणाचा अर्थच हा, की ते बहुमताच्या लहरीवर अवलंबून नसते. हुजूर पक्षातल्या कडव्या गटाला नेमके हेच सलत होते.

या वेळी ज्यांच्यासाठी हे संरक्षण, त्यांचा आवाज कुठे होता? उत्तर आयर्लंडची विधानसभा जानेवारी २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंत, म्हणजे या सबंध काळात, बंद पडलेली होती. पार्लमेंटमध्ये उत्तर आयर्लंडच्या अठरा जागा. २०१७ च्या निवडणुकीत त्यांपैकी सात सिन फेनला मिळाल्या. राजनिष्ठेची शपथ घ्यायची नाही म्हणून ते सभागृहात बसत नाहीत. उरलेल्या अकरांपैकी दहा डेमॉक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे, म्हणजे कार्सनच्या परंपरेतले. आणि बहुमत गमावलेले मे यांचे सरकार त्याच दहा मतांवर उभे. ज्या प्रदेशाने राहण्याचा कौल दिला, त्याच्या नावाने बोलत होते ते बाहेर पडणारे. प्रतिनिधी आहे पण आपला नाही, ही अवस्था पुणे करारानंतर आपण पुरेपूर भोगली आहे. तिथे राष्ट्रवाद्यांनी आपल्या जागा आपण होऊन रिकाम्या ठेवल्या, हा फरक विसरू नये. बहिष्कार हे शस्त्र कधी कधी धरणाऱ्याचाच हात कापते.

१५ जानेवारी २०१९ रोजी करार मताला पडला आणि ४३२ विरुद्ध २०२ असा फेटाळला गेला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा एवढा दारुण पराभव झालेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याच सभागृहाने अविश्वासाचा ठरावही १९ मतांनी फेटाळला! १२ मार्चला करार पुन्हा पडला, २९ मार्चला तिसऱ्यांदा पडला. मधल्या काळात सभापती बर्को यांनी १६०४ सालचा दाखला काढून तोच प्रस्ताव त्याच अधिवेशनात परत आणता येणार नाही असे सांगितले. २७ मार्चला खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मताला टाकले, आठही पडले. १ एप्रिलला चार टाकले; चारही पडले, त्यांतला जकात संघाचा अवघ्या तीन मतांनी. कराराशिवाय बाहेर पडायचे नाही यालाही सभागृहात बहुमत, आणि करार नको यालाही बहुमत. मुदत २९ मार्चची होती. ती वाढवून मागण्याची सक्ती सरकारवर करणारे विधेयक ३ एप्रिलला एका मताने मंजूर झाले, ३१३ विरुद्ध ३१२. पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली आणि मे गेल्या.

कराराशिवाय बाहेर पडण्याची भीती म्हणजे काय, हे कागदोपत्री पाहण्यासारखे आहे. जानेवारीत केंट परगण्यात एका जुन्या विमानतळावर ८९ ट्रक उभे करून वाहतुकीच्या खोळंब्याची रंगीत तालीम केली. एकही जहाज नसलेल्या कंपनीला १ कोटी ३८ लाख पौंडांचे जहाज वाहतुकीचे कंत्राट दिले, आणि महिना-दीड महिन्यात रद्द केले. औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितले. 'यलोहॅमर' या नावाचा सरकारचा गुप्त अंदाज पार्लमेंटने सप्टेंबर २०१९ मध्ये उघड करायला लावला. ट्रक अडीच दिवसांपर्यंत रखडतील, औषधांचा पुरवठा धोक्यात येईल, आणि अन्न व इंधन महागले तर त्याचा फटका कमी उत्पन्नाच्या लोकांना सर्वांत जास्त बसेल, असे त्यात सरकारनेच लिहून ठेवले होते. हे लिहिलेले असूनही मंत्री कराराशिवाय जाण्याची भाषा करीत होते. ज्याला इन्सुलिन लागते त्याच्या जिवावर तो जुगार चालला होता. बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत खाणी व कारखाने बंद पडलेल्या गावांतले मजूरही होते, आणि सरकारी काटकसरीच्या वर्षांनी ते पिचलेले होते. त्यांचा राग खोटा नव्हता. पण त्या रागावर स्वार झालेले मात्र दुसरेच.

जुलैमध्ये पंतप्रधान झालेल्या जॉन्सन यांनी अडचण सोडवली ती पार्लमेंटच बंद करून. सप्टेंबरमध्ये राणीला सल्ला देऊन पाच आठवड्यांसाठी ते तहकूब करविले. असे करू नये हा संकेत होता, लिखित नियम नव्हता. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी तो सल्ला बेकायदा ठरवला. इथे पुन्हा ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण आठवते. घटनात्मक नीती ही उपजत वृत्ती नसते, ती जोपासावी लागते, हे इतिहासकार ग्रोटच्या आधाराने बाबासाहेबांनी सांगितले. आणि राज्यकारभाराचे तपशीलही घटनेत का लिहून ठेवले याचे कारण तेच दिले. ब्रिटिशांना ही नीती वारशानेच मिळालेली आहे असे आपले विद्वान सांगत. वारसा किती टिकतो ते दिसले. अर्थात लिहिलेले असले म्हणजे भागते असेही नाही. आपल्या घटनेच्या ८५ व्या कलमात दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू देऊ नये एवढेच लिहिले आहे. त्या सहा महिन्यांत काय काय उरकता येते, हे वाचकांना ठाऊक आहे.

या कोंडीच्या धुरळ्यात एक गोष्ट आपल्या पत्रांनीही जवळजवळ छापली नाही. जातीवरून होणारा भेदभाव ब्रिटनच्या समता कायद्यात स्पष्टपणे घालावा, असे बंधन पार्लमेंटने २०१३ साली सरकारवर घातले होते. तिथल्या आंबेडकरवादी आणि रविदासी संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीचे ते फळ होते. सवर्ण हिंदू संघटनांचा त्याला कडवा विरोध होता. २३ जुलै २०१८ रोजी मे सरकारने जाहीर केले, की असा कायदा करायचा नाही. न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. त्याच उन्हाळ्यात ब्रेक्झिटच्या मुख्य कायद्यातून युरोपचा मूलभूत हक्कांचा जाहीरनामा वगळला गेला. एकीकडे सीमेवरच्या कॅथलिकाचे संरक्षण, दुसरीकडे लंडनच्या उपनगरातल्या आपल्या माणसाचे. त्याला सांगितले, की अन्याय झाला तर एकेकट्याने न्यायालयात जा आणि सिद्ध कर.

शेवटी जॉन्सन यांनी बॅकस्टॉप काढून आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रात जकातीची रेघ ओढली. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ४४ टक्क्यांहून कमी मतांवर त्यांना ८० जागांचे बहुमत मिळाले, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. ज्या दहा युनियनिस्टांनी मे यांचा करार पाडायला मदत केली, त्यांच्याच प्रदेशात आता ब्रिटनमधून येणाऱ्या मालाची तपासणी होऊ लागली. निषेध म्हणून त्यांनी २०२२ पासून दोन वर्षे बेलफास्टची विधानसभा चालू दिली नाही. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी ती सुरू झाली, तेव्हा प्रथम मंत्री म्हणून सिन फेनच्या मिशेल ओनील बसल्या. ज्या राज्याची रचनाच युनियनिस्टांचे बहुमत कायम राहावे म्हणून झाली होती, त्याच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच एक राष्ट्रवादी. ही व्यवस्था पुढे चालू ठेवावी काय यावर १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे मतदान झाले. साधे बहुमत चालणार नाही, दोन्ही समाजांची संमती घ्या, आम्हाला तेवढे तरी संरक्षण द्या, अशी मागणी या खेपेला युनियनिस्ट करीत होते. ४८ विरुद्ध ३६ मतांनी प्रस्ताव मंजूर झाला.