एकोणीस विरुद्ध अठरा

क्रीडेच्या इतिहासात जपून ठेवले जाणारे विक्रम सामान्यतः पराक्रमाचे असतात. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या दप्तरी मात्र एक विक्रम निराळ्या जातीचा आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनियापोलिस येथे झालेल्या सामन्यात फोर्ट वेन पिस्टन्स या संघाने मिनियापोलिस लेकर्सचा १९-१८ असा पराभव केला. दोन्ही संघांचे मिळून अवघे ३७ गुण! एनबीए या संघटनेच्या इतिहासात याहून कमी गुणांचा सामना आजवर झालेला नाही, आणि पुढे झालेल्या नियमबदलामुळे तो होण्याची शक्यताही उरलेली नाही. एका कंटाळवाण्या सायंकाळीने एका खेळाचे भवितव्य कसे बदलले, याची ही कथा आहे.

लेकर्स हा त्या काळचा बलाढ्य संघ. १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद त्याच्याकडे होते आणि स्वतःच्या मैदानावर त्याने सलग २९ सामने जिंकले होते. या यशाचा आधारस्तंभ होता जॉर्ज मायकन. सहा फूट दहा इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा खेळाडू एकदा बास्केटखाली उभा राहिला की प्रतिस्पर्ध्यांची मती गुंग होई. त्याच्याशी समोरासमोर झुंजायचे म्हणजे पराभव पदरात पाडून घ्यायचा, हे पिस्टन्सचे प्रशिक्षक मरी मेंडेनहॉल पुरते ओळखून होते. म्हणून त्यांनी निराळाच मार्ग पत्करला. चेंडू मिळाला की तो आपल्याकडेच धरून ठेवायचा. बास्केटवर फेक करण्याची घाई करायची नाही. चेंडूच हाती लागला नाही, तर मायकन करणार काय?

नियमांत या डावपेचाला कोणतीही आडकाठी नव्हती. संघाने किती वेळात फेक केली पाहिजे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. पिस्टन्सचे खेळाडू चेंडू हातात धरून उभे राहत. लेकर्सचे खेळाडू मायकनभोवतीची आपली फळी सोडून पुढे येण्यास राजी नसत. कोणीच हलेना. सात हजारांवर प्रेक्षक तिकीट काढून आले होते. त्यांनी हुर्यो उडविली, पाय आपटले, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. पहिल्या सत्राअखेर पिस्टन्स ८-७ असे पुढे होते. मध्यंतराला लेकर्स १३-११ आणि तिसऱ्या सत्रानंतर १७-१६ असे पुढे गेले. चौथ्या सत्राच्या संपूर्ण बारा मिनिटांत दोन्ही संघांना मिळून चारच गुण करता आले. लेकर्सकडे १८-१७ अशी आघाडी असताना, अखेरचे काही सेकंद उरले असता, पिस्टन्सच्या लॅरी फाउस्टने मायकनच्या पसरलेल्या हातांवरून चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि सामना जिंकला.

गुणपत्रक पाहिले म्हणजे सामन्याचे स्वरूप स्पष्ट होते. ४८ मिनिटांत प्रत्येक संघाने मैदानी खेळातून केवळ चार-चार बास्केट केले. बाकीचे गुण फाउलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोंमधून आले. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे होते आणि संघाचे चारही मैदानी बास्केट त्याचेच!

प्रेक्षकांचा संताप समजण्याजोगा आहे. परंतु मेंडेनहॉल यांना दोष देणे कितपत न्याय्य ठरेल? दुबळ्याने बलवानाशी लढताना नियमांच्या चौकटीत सापडेल ते साधन वापरले, तर ती लबाडी म्हणता येत नाही. नियम राबविण्याचे काम ज्याने केले आहे, त्याला ठाऊक असते की पळवाट शोधणारा बहुधा नियम मोडत नाही. तो फक्त नियम करणाऱ्याच्या नजरेतून काय सुटले ते दाखवून देतो. संघटनेचे अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ यांनी या सामन्याची दखल घेतली, तरी उपाय सापडायला चार वर्षे गेली.

ही चार वर्षे संघटनेला जड गेली. ६ जानेवारी १९५१ रोजी इंडियानापोलिस आणि रॉचेस्टर यांच्यातील सामना सहा जादा डाव चालला, कारण ज्या संघाकडे चेंडू येई तो अखेरच्या फेकीपर्यंत तो धरून बसे. चेंडू अडवून बसलेल्या संघाकडून तो मिळवायचा तर मुद्दाम फाउल करण्यावाचून गत्यंतर नसे. त्यामुळे सामने म्हणजे फ्री थ्रोंची रांग होऊन बसली. मार्च १९५३ मध्ये बोस्टनच्या बॉब कूझीने सिरॅक्यूजविरुद्ध चार जादा डावांच्या सामन्यात ५० गुण केले. त्यांतील ३० फ्री थ्रोंचे होते. इकडे १९४९-५० च्या हंगामातील १७ संघांपैकी अनेक संघ बंद पडत गेले आणि १९५५ पर्यंत केवळ आठ उरले. त्याला आर्थिक कारणेही होती; पण रटाळ खेळ पाहण्यासाठी पैसे मोजणारा प्रेक्षक दुर्मीळ असतो, हेही खरेच.

उपाय सुचविला तो सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी. इटलीत जन्मलेले हे गृहस्थ बोलिंगचा व्यवसाय करीत. त्यांचे सहकारी लिओ फेरिस यांचाही या कल्पनेत मोठा वाटा होता. हिशेब अगदी साधा होता. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी करतात. सामन्याचे २,८८० सेकंद भागिले १२० म्हणजे २४. तेव्हा चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत फेक झाली नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जावा. ऑगस्ट १९५४ मध्ये सिरॅक्यूजमधील एका शाळेत याची चाचणी झाली आणि त्याच हंगामापासून नियम लागू झाला. फाउलांवरही सत्रागणिक मर्यादा आली. एका हंगामात प्रत्येक संघाची सरासरी ७९.५ गुणांवरून ९३.१ वर गेली. आंतरराष्ट्रीय संघटनेनेही १९५६ मध्ये ३० सेकंदांची मर्यादा स्वीकारली आणि २००० मध्ये ती २४ वर आणली.

या कथेचा उत्तरार्ध इतिहासानेच रचावा तसा आहे. नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामाच्या अंतिम फेरीत बियासोन यांच्या सिरॅक्यूजसमोर उभा ठाकला तो फोर्ट वेन पिस्टन्स! १० एप्रिल १९५५ च्या निर्णायक सातव्या सामन्यात पिस्टन्सकडे एके काळी १७ गुणांची आघाडी होती. जुन्या नियमांखाली त्यांनी चेंडू धरून ठेवला असता आणि अजिंक्यपद घरी नेले असते. आता घड्याळ चालू होते. सिरॅक्यूजने अंतर कापत आणले आणि ९२-९१ असा, पुन्हा एकाच गुणाने, निकाल लागला.

दुबळ्याच्या हातचे एक शस्त्र या नियमाने काढून घेतले, हे नाकारता येत नाही. परंतु त्याबरोबरच मागे पडलेल्याला शेवटपर्यंत आशा ठेवण्याचा अधिकारही त्यानेच दिला. पुढे असलेल्यालाही खेळावेच लागेल, एवढेच तो नियम सांगतो. १९५० च्या त्या सायंकाळी हुर्यो उडविणाऱ्या प्रेक्षकांचे मागणे तरी याहून निराळे काय होते?