पळसखेडचे रान, नगरची फुले

१० जानेवारी २०२० रोजी उस्मानाबादेत ९३वे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. उद्घाटक ना. धों. महानोर, सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडचे शेतकरी कवी. दिब्रिटो आहेत म्हणून तुम्ही जाऊ नका, असा दबाव महानोरांवर आला. ते गेले. वर्तमानपत्रांनी वाद रंगवला. त्या दोघांमागची शंभर वर्षांची सोयरीक मात्र कुणी फारशी आठवली नाही.

ती सुरू होते सोयगावच्या शेजारी, खानदेशात. १९०७च्या जळगाव कविसंमेलनात धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे 'बालकवी' ठरला. वय सोळा-सतरा. पुढे त्याला मुलासारखे घरात घेतले ते नगरच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हा लळा वाचायला मिळतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेले टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगत. त्यामुळे त्यांच्या कवितेतले रानफूल देवाच्या हातचे असले तरी परके वाटत नाही. झाडावेलींना नातलग मानण्याची रीत त्यांनी देहूकडूनच घेतली होती. बालकवींनी देवाचे नाव बहुधा गाळले, भारावलेपण ठेवले. १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला.

महानोरांचे रान याहून वेगळे.

अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याची ती जिरायती जमीन. जळगावचे कॉलेज अर्ध्यावर सोडून महानोर शेतात उतरले आणि १९६७ मध्ये 'रानातल्या कविता' आल्या. इथली माती घाम गाळल्यावर पूज्य होते, आणि तिला देह आहे: पाऊस, पीक, प्रीती एकाच श्वासात येतात. रेव्हरंड टिळक जरा बावरले असते! पण सृष्टीपुढे वाकण्यात दोघे एकच.

ख्रिस्ती परंपरेतही ही सोयरीक जुनी: युरोपात असिसीच्या संत फ्रान्सिसने तेराव्या शतकातच सूर्याला भाऊ, पाण्याला बहीण म्हटले होते. महानोर-दिब्रिटोंच्या काळात ही भाषा पुरेनाशी झाली, कारण पाणीच आटू लागले. १९७८ मध्ये विधान परिषदेवर गेलेल्या महानोरांनी तिथे शेती आणि पाण्याचे प्रश्न लावून धरले. दिब्रिटोंनी 'हरित वसई'च्या लढ्यात बागायती आणि विहिरी वाचवण्यासाठी बिल्डरांना अंगावर घेतले.