कालापानी (चित्रपट)

अंदमानातील सेल्युलर जेल आणि तेथे जन्मठेप भोगणारे राजबंदी यांच्यावरील ‘कालापानी’ हा मलयाळम ऐतिहासिक चित्रपट १९९६ साली प्रदर्शित झाला. प्रियदर्शन यांनी तो दिग्दर्शित केला असून मोहनलाल, प्रभू, तब्बू आणि अमरीश पुरी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. तमिळमध्ये तो ‘सिरैच्चालै’, तर हिंदीत ‘सजा-ए-कालापानी’ या नावाने दाखवला गेला.

१८५७च्या उठावानंतर पकडलेल्यांना मुख्य भूमीपासून दूर ठेवण्यासाठी इंग्रज सरकारने १८५८ साली पोर्ट ब्लेअर येथे कैद्यांची वसाहत स्थापन केली. जन्मठेपेचे कैदी जंगल तोडून, दलदल बुजवून ती उभारीत, आणि १८९६ ते १९०६ या काळात बांधलेले सेल्युलर जेलही त्यांच्याच श्रमांतून उभे राहिले. मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या तीन मजली सात इमारती अशा रचल्या होत्या, की एकीतील कोठड्यांची दारे दुसरीच्या पाठीकडे उघडत; त्यामुळे साडेतेरा फूट लांब व साडेसात फूट रुंद कोठडीतील कैद्याला समोर माणूस दिसत नसे. हा एकांत हीच येथील मूळ शिक्षा होती.

चित्रपटातील कथा प्रामुख्याने १९१५ सालची आहे. आगगाडीवरील बॉम्बहल्ल्याच्या खोट्या आरोपावरून गोवर्धन या तरुण डॉक्टरला लग्नाच्या दिवशीच पकडून अंदमानला धाडले जाते. अनेक वर्षांनी त्याच्या पत्नीचा भाचा त्याच्या शोधात तेथे पोचतो आणि जुन्या कागदपत्रांतून ही हकिगत उलगडते. गोवर्धनच्या वाट्याला आलेले कोलूचे काम चित्रपटाने बारकाईने दाखवले आहे. कोलू म्हणजे तेलाचा घाणा. त्याला बैलाऐवजी माणूस जुंपून दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढून घेतले जाई, आणि ते कमी भरल्यास दंडाबेडी किंवा फटके ठरलेले असत. कैद्यांवर कैद्यांतूनच निवडलेले वॉर्डर आणि जमादार नेमण्याची पद्धतही येथे ठळकपणे येते. अमरीश पुरी यांनी रंगवलेला मिर्झाखान हा याच व्यवस्थेतून अधिकार मिळालेला माणूस असून, जेलर डेव्हिड बारीची सत्ता त्याच्या हातांनी प्रत्येक कोठडीपर्यंत पोचते. तुरुंग मोजक्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बळावर कसा चालत असे, हे त्यामुळे पटते, आणि चित्रपटाचे खरे मोल याच भागात आहे.

शेवट मात्र इतिहासाला सोडून जातो. गोवर्धन मिर्झाखान आणि बारी या दोघांना ठार करून फासावर जातो; वास्तवातील बारी कैद्याच्या हातून मेला नाही. राजबंद्यांनी तेथे जो लढा दिला तो प्रामुख्याने काम नाकारण्याचा, उपोषणाचा आणि अर्जविनंत्यांचा होता. या राजबंद्यांपैकी इंदुभूषण रॉय यांनी १९१२ साली कोठडीत गळफास घेतला आणि उल्लासकर दत्त यांचे मानसिक संतुलन ढळले. हा दीर्घ, रोजचा झगडा सुडाच्या प्रसंगापुढे झाकोळतो, ही चित्रपटाची मोठी उणीव होय.

तांत्रिक बाजू मात्र भक्कम आहे. संतोष सिवन यांचे छायाचित्रण आणि साबू सिरिल यांचे कलादिग्दर्शन यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाले. ध्वनी व विशेष दृश्यपरिणाम यांसाठीही चित्रपट गौरवला गेला. संगीत इळैयराजा यांचे आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आहे. नाशिकचे गणेश ऊर्फ बाबाराव सावरकर आणि त्यांचे धाकटे बंधू विनायक या दोघांनी याच तुरुंगात जन्मठेप भोगली. विनायकरावांना जुलै १९११मध्ये तेथे आणले गेले आणि १९२१ साली दोघाही भावांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले. चित्रपटात विनायकरावांची भूमिका अन्नू कपूर यांनी केली असली, तरी ती कथेच्या कडेलाच राहते. बारी, कोलू आणि जमादारांचा जाच यांची तपशीलवार हकिगत विनायकरावांच्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथात आहे. मराठी प्रेक्षकाने तो ग्रंथ वाचून हा चित्रपट पाहावा.