पाटलाचा सूड, तंबूतला पडदा

सिनेमाला सूडकथेइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. एक माजलेला माणूस, एक नाडलेला माणूस आणि दोघांच्या मधे फुकटात मिळणारी जमीन, एवढ्यावर काम भागतं. महाल उभारायला नको, मोठा नट परवडला नाही तरी अडत नाही. याच हिशेबावर १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीत सूडपट निघू लागले. मराठीत तो हिशेब त्याआधीच कोणीतरी मांडून ठेवला होता, फक्त दलदलीच्या जागी गावची पांढरी होती आणि बंदुकीच्या जागी ढोलकी.

दलदलीच्या सिनेमांतली माणसं केजन. त्यांचे पूर्वज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे फ्रेंच वसाहतवाले. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं आणि त्यातले बरेच हळूहळू लुइझियानात येऊन स्थिरावले. मासे, सुसरी, होड्या आणि आपली मोडकीतोडकी का होईना पण टिकवलेली फ्रेंच बोली, असा त्यांचा संसार. १९७४ च्या सुमारास पडद्यावर आलेला ‘गेटर बेट’ फर्ड आणि बेव्हर्ली सेबॅस्टियन या नवराबायकोनं काढला. क्लॉडिया जेनिंग्ज त्यात सुसरींची चोरटी शिकार करणारी पोरगी झाली आहे. मागे लागलेले पुरुष तिच्या बहिणीचा जीव घेतात आणि मग ती त्यांना पाण्यात आतआत ओढत नेते. १९८१ मध्ये वॉल्टर हिलनं ‘सदर्न कम्फर्ट’ केला, तो जरा बऱ्या पैशातला. सरावासाठी आलेले सैनिक केजनांच्या होड्या न विचारता घेतात, वर गंमत म्हणून त्यांच्यावर खोट्या काडतुसांचा बार काढतात, आणि नंतर झाडीतून एकेकाला टिपलं जातं. या चित्रपटांत केजन माणूस बोलतो फार कमी. त्याच्या अपमानाची कहाणी सांगणारा शहरातला, घाबरणाराही शहरातलाच. सूड घेतला जातो तो कोणी बघत नसताना, चिखलात.

अशी जागा वऱ्हाडात शोधायची तर हिवरखेडला जावं. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातलं हे मोठं गाव. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, सपाट, कपाशीची जमीन. उत्तरेला लगेच सातपुडा आणि मेळघाटचं रान. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वेचं स्टेशन गावाला होतं, आणि तीच गाडी पुढे धूळघाटला डोंगरात स्वतःभोवती वळसा घेत वर चढायची. वान नदी त्याच डोंगरांतून खाली येते. सूडपटाला लागणारं सगळं इथं हाताशी होतं: रान, कडे, वस्तीपासून तुटलेल्या वाटा, आणि मैदानात सावकार-देशमुखांचे जुने वाडे. पण मराठी सिनेमातलं गाव इथलं नव्हतं. ते कोल्हापूरच्या माळावर वसलं, पन्हाळ्याच्या आसपास फिरलं आणि तिकडचीच बोली बोललं. वऱ्हाडी माणसानं पडद्यावर ‘काय रं’ ऐकलं आणि घरी येऊन ‘काय रे बाप्पा’ म्हटलं.

तरी तो सिनेमाला जायचा, आणि केव्हा जायचा हे कपाशी ठरवायची. दिवाळीनंतर वेचणी, मग जिनिंगला गाड्या, मग हातात रोकड, मग जत्रा. अमरावती जिल्ह्यात परतवाडा-बैतुल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची जत्रा डिसेंबरात भरते आणि महिन्यावर चालते. मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे ही तिची ख्याती. तमाशाचे फड आणि तंबूतले सिनेमे हा तिच्या रात्रींचा जुना धंदा. टुरिंग टॉकीज म्हणजे ट्रकभर सामान: कनात, बांबू, जनरेटर, भोंगा आणि बहुधा एकच प्रोजेक्टर. त्यामुळे रीळ बदलायचं म्हणजे खेळ थांबायचा, आणि नेमका खलनायक दारात उभा असताना थांबायचा. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला, पोरं पडद्याला नाक लावून. पावसाळ्यात हा सगळा व्याप गुंडाळून ठेवायचा.

चित्रपट इथवर पोचायचे तेही एका मजेशीर नकाशावरून. सिनेमाच्या वितरणात हा सगळा मुलूख ‘सी. पी. बेरार’ सर्किटमध्ये मोडतो. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, वऱ्हाड आधी द्वैभाषिक मुंबईत आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं, सी. पी. अँड बेरार नावाचा प्रांत शाळेच्या पुस्तकातूनही गेला. वितरकांनी मात्र तो सोडला नाही. अमरावती आणि भुसावळ ही त्यांची ठाणी. मोठ्या शहरांत झिजलेली प्रिंट इथून तालुक्याला आणि तालुक्यातून तंबूत जायची. कमी पैशांत केलेल्या चित्रपटाचं नशीब पुण्या-मुंबईच्या पहिल्या आठवड्यात ठरलं तरी त्याचा पैसा असा खालूनही निघायचा. अमेरिकेत दलदलीच्या सूडपटांना हाच आधार ड्राइव्ह-इनचा होता, तिथं प्रेक्षक मोटारीत बसून बघायचा एवढंच.

आता त्या हिशेबाकडे. १९५९ मध्ये अनंत माने यांनी ‘सांगत्ये ऐका’ केला. तो तमाशापट म्हणून आणि गाण्यांसाठी आठवला जातो, आणि जयश्री गडकरांना त्यानं नाव मिळवून दिलं हेही खरं. पण ढोलकी बाजूला ठेवून गोष्ट पाहिली तर तो सरळसरळ सूडपट आहे. गावचा पाटील बैलांच्या शर्यतीत हरतो. जिंकणारा साधा शेतकरी; पाटील त्याचा जीव घेतो, त्याच्या बायकोवर अत्याचार करतो. तिची पोरगी वाढते ती तमासगिरीण बाईच्या घरी, या बाईची भूमिका हंसा वाडकरांची. पुढे हीच पोरगी त्याच गावात फड घेऊन येते आणि अख्ख्या गावासमोर, पुढे पाटील बसलेला असताना, त्याचीच कहाणी वगात मांडते. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, म्हणून गावातली माणसं कागदी वाटत नाहीत. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट १३१ आठवडे चालला.

शर्यतीचा तो तुकडा वऱ्हाडात वेगळाच लागत असणार. इकडे तिला शंकरपट म्हणतात, आणि अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला. तिथं बायाही कासरा धरून जोडी हाकतात. बैल हरला म्हणून माणूस किती पेटू शकतो हे या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या तेव्हा आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा वाट मोकळी केली तेव्हा गावागावांत जे झालं, त्यावरून ही गोष्ट अजून जुनी झालेली नाही हे दिसतं.

दलदलीच्या सिनेमाशी मराठी सूडपटाचा खरा फरक इथंच आहे. तिकडे साक्षीदार नसावा लागतो, इकडे गाव जमावं लागतं. पाटलाला गोळी घालून भागत नाही, चारचौघांत त्याचं नाव घ्यावं लागतं. जब्बार पटेल-विजय तेंडुलकरांचा ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला. त्यातही दारुडा मास्तर साखरसम्राट हिंदुरावाच्या अंगावर हात टाकत नाही. मारुती कांबळेचं पुढे काय झालं हे तो विचारत राहतो, जाईल तिथं विचारतो, आणि तेवढ्यानं हिंदुराव पोखरला जातो. हिंदुराव झालेल्या निळू फुल्यांना गावोगावच्या बाया शिव्या घालायच्या, हे सर्वश्रुत आहे. याहून मोठी पावती खलनायकाला मिळत नाही.

रानातला सूड मराठीत एकदाच नीट आला, १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये, आणि तो विचित्र आहे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, रायगडाकडचे ठाकर, मोहन आगाशांचा नाग्या आणि स्मिता पाटलांची चिंधी. मधमाशी डोळ्याला डसते, डोळा जातो, आणि नाग्या वैर धरतो ते डोंगरावरच्या राणी माशीशी. इथं पाटील नाही, सावकार नाही. सूड पुरा होतो, पण चिंधी माशांच्या दंशानं मरते. केजनांवरच्या कुठल्याही चित्रपटापेक्षा हा रानातल्या माणसाच्या जवळ गेला, कारण इथं ठाकर स्वतः बोलतात आणि बाहेरचा भेदरलेला पाहुणा गोष्टीत नाही. मेळघाटच्या कोरकू आदिवासींच्या वाट्याला इतका चांगला चित्रपट आला नाही.

हिंदी सिनेमानं मात्र दोन्हीकडचं उचललं. १९८८ च्या ‘खून भरी माँग’मध्ये नवरा रेखाला मगरीच्या तोंडी देतो आणि ती नवा चेहरा घेऊन परत येते, मूळ गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या मालिकेची. त्याआधी ‘शोले’. १९७५ साली, आणीबाणीत, ठाकूरनं गब्बरला स्वतःच्या पायांनी चिरडून मारणं सेन्सॉरला चाललं नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला, ऐन वेळी पोलीस आले आणि कायद्यानं गब्बरला ताब्यात घेतलं. चित्रपटगृहांतून तंबूंपर्यंत लोकांनी पाहिला तो हा शेवट. पुढे व्हिडिओनं तंबूवाल्यांचा धंदा बसवला, आणि मूळ शेवटही बराच नंतर व्हिडिओ कॅसेटवरच लोकांपुढे आला. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात ‘शोले’ची डागडुजी केलेली प्रत दाखवली, ती मूळ शेवटासकट, गावच्या मोठ्या चौकात, उघड्यावर, पडदा लावून.